लेंपी रौतिओचा निकाल

वेंडी हापालाने पाकीट फोडलं, आतला कागद वाचला, पुन्हा पाकिटात घातला आणि पुन्हा बाहेर काढला. मधल्या वेळात तो बदलला नव्हता. विद्यार्थिनी: ब्रिन हापाला, इयत्ता तिसरी. वाचन: गैरहजर. लेखन: गैरहजर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ज्या मुलांचा वाचनाचा निकाल नाही, त्यांना नव्या नियमाप्रमाणे तिसरीतच ठेवण्यात येईल.

ब्रिन चारही दिवस परीक्षेला गेली होती. वेंडीने स्वतः तिला गाडीतून शाळेच्या दारात सोडलं होतं, टोक केलेल्या दोन पेन्सिली हातात देऊन.

राज्याच्या परीक्षेचा निकाल कसा वाचायचा हे पालकांना समजावून सांगण्यासाठी डुफ्रेन सरांनी सगळ्यांना संध्याकाळी सहाला शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, बोलावलं होतं. मे संपत आला होता, पण आमच्या उत्तरेकडच्या गावात थंडी मे महिन्याला विचारत नाही. तळ्यावरून धुकं वर आलं होतं आणि खिडक्यांच्या काचांना नाक लावून उभं होतं. हॉल तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये मधूनच टकटक व्हायची, मग थांबायची, कुणीतरी उत्तराची वाट बघत असल्यासारखी.

"आता पर्सेंटाइल," डुफ्रेन सर म्हणाले. मुख्याध्यापक म्हणून त्यांचं हे दुसरं वर्ष होतं आणि घाम पुसायचा रुमाल त्यांनी खिशात ठेवायचा सोडून दिला होता; तो हातातच असायचा. "एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर टक्के मार्क नव्हेत. शंभर मुलं रांगेत उभी केली, तर तुमचं मूल एकाहत्तर जणांच्या पुढे."

"शंभर आणली कुठून?" मागून गॉर्डी पेलकीने विचारलं. शाळेची बस तोच चालवायचा. "आख्ख्या शाळेत त्र्याऐंशी आहेत. मी रोज मोजतो."

"ती राज्यातली शंभर, गॉर्डी."

"मग ती दिसत का नाहीत?"

लोक हसले. डुफ्रेन सर घाईने पुढच्या रकान्याकडे वळले. "आणि ही 'वाढ'. मागच्या निकालापेक्षा मूल किती पुढे गेलं, ते यात कळतं."

"मला वाटलं उंची," गॉर्डी म्हणाला. "आमच्याची पँट तीन महिन्यांत आखूड झाली, आणि इथं लिहिलंय, वाढ अपेक्षेपेक्षा कमी."

वेंडी उठून उभी राहिली. "सर, माझी पोरगी गैरहजर कशी? कुणी सांगेल का मला?"

डुफ्रेन सरांनी तिचा कागद पाहिला, मग टेबलावर उरलेलं एकुलतं एक पाकीट उचललं. "अदलाबदल झाली असेल. हे कुणी नेलेलं नाही. तिसरीचंच आहे. लेंपी... लेंपी रौतिओ. लेंपीचे पालक आलेत का?"

कुणी हात वर केला नाही. स्वयंपाकघराच्या दारातून मात्र एक मोठा आवाज आला. कॉफीच्या पेल्यांचा ट्रे इना सोरवालाच्या हातून सुटला होता. इना गेली अडतीस वर्षं शाळेत मुलांना जेवण वाढत होती, आणि अडतीस वर्षांत तिच्या हातून चमचासुद्धा पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"कुठलं नाव घेतलंत?" ती म्हणाली.

"लेंपी रौतिओ. ओळखता तुम्ही, इना?"

"ओळखायची. माझ्या शेजारी बसायची. चोपन्न सालच्या मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला आणि ती खाली गेली." इनाने ॲप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते. "तिसरीत होती."

रेडिएटरची टकटक थांबली. तेवढ्यात गॉर्डीने, ज्याला कुठलीही शांतता फार वेळ सोसत नसे, पुढे येऊन, मान लांब करून सरांनी पाकिटातून काढलेला कागद वाचला.

"वाचन, सर्वांत वरची श्रेणी. पर्सेंटाइल अठ्ठ्याण्णव. अरे देवा. आमचं कार्टं जिवंत असून एकतीस!"

"गप बस, गॉर्डी," त्याची बायको म्हणाली.

"वाढ," डुफ्रेन सर नकळत मोठ्याने वाचू लागले, "सांगता येत नाही. मागील निकाल उपलब्ध नाही. लेखनाबद्दल शेरा: बर्फाखालच्या पाण्याचं वर्णन... प्रत्यक्ष अनुभवल्यासारखं."

त्यानंतर पर्सेंटाइल समजून घ्यायला कुणी थांबलं नाही. कॉफीबरोबर ठेवलेले वेलदोड्याचे गोड पाव तसेच राहिले आणि गाड्यांचे लाल दिवे एकेक करून धुक्यात विरले. वेंडी तेवढी जागची हलली नाही.

"मेलेल्यांचं तुम्ही बघा, सर," ती म्हणाली. "माझी पोरगी जिवंत आहे, तिने परीक्षा दिलीय, आणि तिला चौथीत जायचंय. सबंध हिवाळा ती माझ्या मांडीवर बसून वाचायला शिकली. अक्षरं उलटी दिसायची तिला. रडायची, डोळे पुसायची, पुन्हा वाचायची. आता तिला जाऊन सांगू, की तू तिथं नव्हतीसच?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डुफ्रेन सरांनी राज्याच्या परीक्षा कार्यालयात फोन लावला. वेंडी समोर बसली होती. इना कॉफी घेऊन आली होती आणि कॉफी देऊन झाल्यावरही गेली नव्हती. फोनवरच्या बाईंचा आवाज मऊ आणि सपाट होता.

"तुमच्या तिसरीत मुलं किती, सर?"

"अकरा."

"उत्तरपत्रिका आल्या अकरा. हिशेब बरोबर आहे."

"पण त्यातली एक लेंपी रौतिओची आहे! आमच्याकडे त्या नावाची मुलगीच नाही."

"आहे ना, सर. माझ्यासमोर दिसतेय. पत्रिका आली की नाव पटावर आपोआप चढतं. चारही दिवस हजर होती. ब्रिन हापाला मात्र एकही दिवस दिसत नाही. तुमच्याकडे ब्रिन हापाला नक्की आहे ना?"

डुफ्रेन सरांनी क्षणभर वेंडीकडे अशा नजरेने पाहिलं, की वेंडीने स्वतःच्याच दंडाला चिमटा काढला.

"मी तिची आई आहे!" ती फोनच्या दिशेने ओरडली.

"आई म्हणून नोंद आहे तुमची," बाई समजुतीने म्हणाल्या. "मुलीचीच नाही."

मग तिसरीच्या टॉल्व्हानेनबाईंना वर्गातून बोलावून घेतलं. त्या तीस वर्षं शिकवत होत्या आणि या परीक्षेपुरत्या वर्षातून चार दिवस स्वतःच्याच वर्गात परक्या होत असत.

"ब्रिन समोरच होती," त्या म्हणाल्या. "शपथेवर सांगते."

"मग उत्तरपत्रिकेवर नाव नाही बघितलंत?"

"कसं बघणार, सर? नियम आहे. एकदा सुरू झालं की मुलांच्या पत्रिकेकडे बघायचं नाही, गोळा करतानासुद्धा नाही. छापील सूचना शब्दन् शब्द वाचायच्या, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. मुलाने काही विचारलं तर एवढंच म्हणायचं, 'वाचून दाखवलंय तसं कर.' ब्रिनने हात वर केला होता, आठवतंय मला. विचारत होती, 'बाई, खरंच तसंच?' मी म्हटलं, 'वाचून दाखवलंय तसं कर.'"

"कशाबद्दल विचारत होती?"

"ते मी विचारलं नाही. विचारायलाही मनाई आहे."

ब्रिनला आणलं. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि ऑफिसात बोलावलंय म्हणजे आपण काहीतरी केलंय हे गृहीत धरून आलेली. डुफ्रेन सर गुडघ्यांवर बसले आणि जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, "ब्रिन, बाळा, लेंपी कोण आहे, ठाऊक आहे तुला?"

"हो," ब्रिन म्हणाली. "माझ्या बाकावरची."

इनाने हातातली किटली खाली ठेवली.

"ती... बाकावर बसते?"

"नाही. बसत नाही. ती आहेच तिथं."

"केव्हापासून?" वेंडीने विचारलं.

"माझा बाक मोडला ना, फेब्रुवारीत, तेव्हापासून. गॉर्डीकाका तळघरातून घेऊन आले ना हा."

सगळे वर्गात गेले. मुलं मधल्या सुट्टीत बाहेर होती आणि वर्ग रिकामा होता. रिकाम्या वर्गाला भरलेल्या वर्गापेक्षा जास्त कान असतात, असं इना नेहमी म्हणायची. दहा नवे बाक होते, फिकट, गुळगुळीत, प्रत्येकावर मुलाच्या नावाची चिकटवलेली चिठ्ठी. खिडकीपाशी अकरावा होता, काळ्या ओकचा, लोखंडी पायांचा, वर उघडणाऱ्या झाकणाचा. ब्रिनची चिठ्ठी मोडक्या बाकाबरोबर गेली होती. या बाकाच्या झाकणावर, उजव्या कोपऱ्यात, खोल आणि नीटनेटक्या अक्षरांत कोरलेलं होतं: लेंपी रौतिओ.

टॉल्व्हानेनबाईंनी तोंडावर हात ठेवला. "सूचना क्रमांक चार," त्या पुटपुटल्या, आणि चार दिवस वाचून पाठ झालेलं वाक्य आपोआप बाहेर आलं. "'तुमच्या बाकावर जे नाव आहे, तेच नाव जसंच्या तसं लिहा. प्रत्येक अक्षराखालचा गोल पूर्ण काळा करा.'"

"मी विचारलं होतं, खरंच तसंच का म्हणून," ब्रिन म्हणाली. "आणि गोल पूर्ण काळे केले मी. बाहेर कुठे गेले नाही."

"आणि ते बर्फाखालचं पाणी?" डुफ्रेन सरांनी विचारलं. सरळ कारण सापडत असतानाही त्यांना अजून बसायला खुर्ची हवी होती.

"आजोबांबरोबर तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून मासे धरायला गेले होते, तेव्हा माझा पाय भोकात गेला. मांडीपर्यंत. आईला सांगायचं नव्हतं." ती थांबली. "आता कळलं तिला."

वेंडी हसायला लागली, आणि हसता हसता तिने ब्रिनला इतकं घट्ट धरलं, की पोरीचा एक बूट निघाला. "अठ्ठ्याण्णव!" ती म्हणाली. "माझ्या पोरीला अठ्ठ्याण्णव! शंभरातली बाकीची गेली खड्ड्यात!"

दुपारी वेंडीसमोरच पुन्हा फोन झाला. मऊ आवाजाच्या बाईंनी निकाल ब्रिनच्या नावावर वळवला. ते दोन मिनिटांचं काम निघालं. अडचण लेंपीची झाली.

"तिचं नाव पटावरून काढायचं तर कारण हवं, सर. शाळा बदलली?"

"नाही. वारली."

"ओह. तारीख?"

"मार्च एकोणीसशे चोपन्न."

किती तरी वेळ नुसता कळफलकाचा आवाज येत राहिला. "कॉम्प्युटर दोन हजार सालाच्या आधीची तारीख घेत नाहीये, सर. तशी ती वारलेली चालणार नाही. दोनच पर्याय उरतात. तिसरीतच ठेवा, किंवा पालकांच्या विनंतीवरून चौथीत पाठवा."

डुफ्रेन सर खांदे उडवून म्हणाले, "ठेवा तिसरीतच. काय फरक पडतो."

"ठेवायचं नाही," इना म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती दारात उभी होती.

"एकदा ठेवलंय तिला. बुडाली ते दुसरं वर्ष होतं तिचं तिसरीत. घरी फिनिशच बोलायचे, तिला इंग्रजी वाचता येईना. आदल्या वर्षीच्या निकालाच्या दिवशी मी चौथीत गेले म्हणून नाचत होते, आणि ही खिळा घेऊन बाकावर नाव कोरत बसली होती. म्हटलं, मार खाशील. म्हणाली, 'पुढच्या वर्षीही मला इथंच बसायचंय ना. दुसऱ्या कुणी घेऊ नये.' पुढचं वर्ष मार्चपर्यंतच होतं." इनाने टेबलावरचा पालकांच्या विनंतीचा फॉर्म स्वतःकडे ओढला. "सही कुठे करायची?"

"पालकाची लागते, इना."

"तिचं आता कोण राहिलंय? मीच." तिने सही केली. "आणि हे, 'विद्यार्थ्याशी नातं'? इथं काय लिहू?"

वेंडी म्हणाली, "शेजारीण लिहा."

सप्टेंबरात ब्रिन चौथीत गेली. पटावर लेंपीही होती, म्हणून नियमाप्रमाणे काळ्या ओकचा बाकही चौथीत गेला, खिडकीपाशी, रिकामा. सकाळी हजेरीत ते नाव आलं की मुलं मान खाली घालायची, आणि दुसऱ्या आठवड्यात तेही बंद झालं. सवय कशाचीही होते.

पुन्हा परीक्षा आली. या वेळी प्रत्येक बाकावरची चिठ्ठी तीन जणांनी तपासली. लेंपी पटावर असल्यामुळे तिच्या नावाची छापील पत्रिकाही आली होती. नियमाप्रमाणे ती रिकाम्या बाकावर ठेवली, आणि नियमाप्रमाणे चारही दिवस न बघता गोळा करून पाठवली. डुफ्रेन सर म्हणाले, "आता 'गैरहजर' येईल, आणि संपेल एकदाचं."

मेच्या अखेरीस जिममध्ये पुन्हा खुर्च्या मांडल्या गेल्या. धुकंही वेळेवर आलं. गॉर्डीचा मुलगा एकतीसवरून चाळीसवर गेला होता आणि गॉर्डी सगळ्यांना शंभर मुलांची रांग समजावून सांगत होता. ब्रिनला पंचाण्णव मिळाले होते, स्वतःच्या नावावर. टेबलावर एक पाकीट उरलं. डुफ्रेन सरांनी ते काही न बोलता स्वयंपाकघरात नेऊन इनाला दिलं, पालक म्हणून नोंद तिचीच होती.

इनाने ते ब्रेडच्या सुरीने फोडलं, चष्मा लावला आणि वाचलं. मग कागद सरांच्या पुढे धरला.

लेंपी रौतिओ, इयत्ता चौथी. हजेरी: चार दिवस. वाचन: सर्वांत वरची श्रेणी. वाढ: अपेक्षेप्रमाणे.

रेडिएटरची टकटक थांबली. डुफ्रेन सरांचा रुमाल हातात होता, पण घाम पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"इना," ते हळूच म्हणाले, "ती पत्रिका... कुणी लिहिली?"

इनाने कागदाची नीट घडी केली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली.

"मला काय विचारता, सर," ती म्हणाली, आणि दुसरा ट्रे उचलून जिमकडे निघाली. "बघायचं नाही, असा तुमचाच नियम आहे ना."