भोयरकाकांची दोन बोटं

भोयरकाका वाळलेल्या झाडाखालची माती जिभेवर ठेवून पाहत. बघणाऱ्याला मळमळायचं. त्यांना काहीच व्हायचं नाही.

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर कापसाची प्रत ठरवली. चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढून पाहायचा आणि धाग्याची लांबी सांगायची. निवृत्तीनंतर तीच बोटं आमच्या गल्लीतल्या अंगणांत फिरू लागली. कुणाचं फुलझाड अचानक सुकलं की काका खुरपं घेऊन हजर. बोलावणं लागत नसे.

"झाड मरत नाई, मारल्या जाते," हे त्यांचं पहिलं वाक्य. मग उलटतपासणी.

आमची तगर आठ दिवसांत वाळली तेव्हा मी रोग शोधत होते. शाळेत विज्ञान शिकवत असल्यानं तो हक्क माझाच, असं मला वाटे. काकांनी पानांच्या करपलेल्या कडा पाहिल्या, माती चाखली आणि विचारलं, "मास्तरीणबाई, तुमच्या घरी गुडघे कोनाचे दुखून राह्यले?"

सासूबाई ओट्यावरून कडाडल्या, "झाड पाह्यला आले का माह्ये पाय?"

"मिठाच्या पान्यात पाय शेकता न? मग ते पानी कुठं फेकता?"

सासूबाई उठून आत गेल्या. गुडघे दुखत असूनही फार वेगानं गेल्या.

शेजारच्यांनी जास्वंदीला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली होती. काकांनी बुंध्याशी खणून चुन्याचा गोळा काढला. घराचं काम नुकतंच झालं होतं. "नजर नाई बाप्पा, गवंडी लागला." दोषी सापडला की ते सगळ्यांसमोर नाव घेत. भीडभाड नाही. म्हणून बायका त्यांना टाळत, आणि झाड वाळलं की त्यांचीच वाट पाहत.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकले. बारीक मूळ दोन बोटांत धरून ओढायचं. साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला, तर मूळ कुजलंय. पाणी जास्त झालं. आमच्या काळ्या मातीत ते निचरतही नाही.

मग एका मे महिन्यात काकांच्याच दारची लाल जास्वंद माना टाकून उभी दिसली. काकू रोज तिचंच फूल देवाला वाहत. मी उत्सुकतेनं आत शिरले. आज वैद्याच्या घरचा रोगी!

"पंचनामा झाला का?"

"उधई," काका म्हणाले. खुरपं कोनाड्यातच होतं.

उधई? वाळवीची कुठंच खूण नव्हती. भर उन्हाळ्यात भोवतालची माती मात्र चिखल झालेली. मी बसले, एक मूळ उकरलं आणि ओढलं. साल निघून आली, हातात नुसता दोरा उरला. आंबूस वास.

तेवढ्यात काकू भरलेला लोटा घेऊन बाहेर आल्या. "बाई, चहा घेता? आज जास्वंदीले पानीच घालाचं राह्यलं पाहा." लोटा रिकामा करून त्या आत गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा भरून आल्या. "बाई, तुम्ही कवा आल्या? आज पानीच घालाचं राह्यलं."

"घाल न," काका म्हणाले. "बरं झालं, आठवलं तुले."

मग त्यांनी माझ्या हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. "उधईच आहे न, मास्तरीणबाई?"

"उधईच," मी म्हटलं आणि दोरा मातीत टाकला.

पुढच्या रविवारी त्याच जागी नवी जास्वंद होती, गुडघ्याएवढी. सेलूच्या नर्सरीतून तोच लाल रंग शोधून आणलेला. बुंध्यापासून नालीपर्यंत काकांनी चर खणून विटांचे तुकडे भरले होते. मी फाटकाशी असतानाच काकू लोटा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"अहो, हे येवढंसं काऊन झालं?"

"छाटलं मी."

काकूंनी लोटा ओतला. पाणी विटांच्या तुकड्यांतून नालीकडे निघून गेलं.