गद्र्यांची चाळणी

आमच्या शेजारच्या गद्र्यांकडे पाहुणा आला की ते आधी पंखा बंद करतात, मग फ्रिजचा प्लग काढतात आणि मग 'या' म्हणतात. मे महिन्यातसुद्धा. पाणी विचारत नाहीत, कारण पिताना आवाज होतो.

पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात, पत्रे ठोकायच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. व्हीआरएसची योजना आली तशी ती घेऊन ते नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत कायमचे बसले. पहिलं काम काय केलं, तर नवाकोरा सीडी प्लेअर आणला आणि त्याच दुपारी खोलला.

"सीडीवर आवाजाचे तुकडे असतात," ते मला समजावतात. "ते सांधताना किरकिर येते. ती गाळायला तुम्हा लोकांनी आत गणिताची चाळणी बसवलीत. ती थाप पडायच्या आधीच आवाज सोडते. अहो, तबलजीच्या आधी तबला वाजतो. हा काय सभ्यपणा झाला?"

'तुम्ही लोक' म्हणजे मी. मी हिंजवडीत बँकांचे प्रोग्रॅम लिहितो, पण गद्र्यांच्या लेखी कॉम्प्युटरवाले सगळे सारखेच गुन्हेगार.

तर ती चाळणी उपटून त्यांनी स्वतःची बसवली. तारेची वेटोळी, चार कपॅसिटर आणि वर कसब्यातल्या तांबटाकडून ठोकून घेतलेलं झाकण. लोकांना वाटतं, देव ठेवलेत. दर रविवारी सकाळी एखादा कपॅसिटर बदलायचा, मला बोलवायचं आणि तेच एक भजन लावायचं.

"झांजा ऐका. गेल्या खेपेपेक्षा मोकळ्या वाटतात?"

मला काहीही वाटत नसे. घरी पोहे गार होत असत. "वा, अगदी मोकळ्या," मी घाम पुसत म्हणे. एकदा नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून "अजून जरा खुलायला हव्यात" असं ठोकून दिलं. पुढच्या रविवारी त्या खुलवलेल्या होत्या. असं तीन वर्षं चाललं.

परवा भजन चालू असताना माझ्या खिशातला मोबाइल चिवचिवला. आता आपली हकालपट्टी, असं म्हणत मी डोळे उघडले. गद्रे मान डोलवत होते. त्यांना तो ऐकूच आला नव्हता.

माझ्या हातातला मोबाइल आणि माझा चेहरा बघून ते ओशाळले. "कारखान्यात गेले कान. वरच्या पट्टीतले आवाज येत नाहीत. झांजा तर नाहीतच."

"मग हे सगळं कोणासाठी?"

"हिला हे भजन फार आवडतं. संध्याकाळी लावतो. हिला विचारलं तर ही कशालाही छानच म्हणणार. तुम्ही तोंडावर बोलणारे, म्हणून तुम्हाला त्रास देतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुन्हा लावा," म्हटलं, आणि पहिल्यांदा खरंच ऐकलं. झांजा सुयांसारख्या कानात घुसत होत्या.

"टोचतात," मी म्हणालो. "मी आजवर थापा मारत होतो."

गद्र्यांनी यंत्र बंद केलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "अगं, टोचतात का गं?"

आत लाटणं थांबलं. "तीन वर्षं टोचतायत," काकू हळूच म्हणाल्या. "पण रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसता. तेवढ्यासाठी ऐकते."

गद्रे माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

मी जसंच्या तसं सांगितलं.