मालिनीचकली डॉट इन

"नावाच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही!" असं श्रीरंगराव छातीवर हात मारून सांगत. सगळी नोकरी बँकेत, खातेदारांची नावं आणि सह्या ताडून बघण्यात गेलेली. बदलीवर लखनौला आले आणि सरोजिनी नगरात असे मुरले, की निवृत्तीनंतरही बरणीतून बाहेर निघेनात!

पत्नी मालिनीबाईंच्या चकलीची कीर्ती पार 'चौक' या जुन्या बाजारपेठेपर्यंत पोचलेली. लग्नाचा वाढदिवस जवळ आला तेव्हा श्रीरंगरावांनी ठरवलं, यंदा साडी नाही. चकलीची वेबसाइट! तीही गुपचूप!

सायबर कॅफेवाल्याने 'मालिनीचकली डॉट इन' टाइप केलं आणि मान हलवली.

"अंकल, यह नाम तो कोई ले चुका है."

"कोण?"

"शर्वरी नरेंद्र. लखनऊ के ही हैं."

साइट उघडली. चकलीचा झकास फोटो, आणि खाली फोन नंबर चक्क श्रीरंगरावांच्या घरचा! आता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. महिनाभर घरी फोन येत होते, "भैया, चकली है?" आणि दर वेळी ते गरजत होते, "रॉंग नंबर!" चोर तो चोर, वर आमच्याच फोनवर शिरजोर!

ते थेट चौकात, वकील रस्तोगींच्या जिन्यावर.

"पण चोर तुमचा नंबर कशाला देईल?" रस्तोगींनी हिंदीत विचारलं.

"बदनामी, वकीलसाहेब! दुसरं काय?"

रस्तोगींनी समजावलं. अशा तंट्यात लवाद नेमतात, सगळं ईमेलवर चालतं. फक्त दाखवायचं की नाव आपलं आहे, समोरच्याचा त्याच्याशी संबंध नाही आणि त्याची नियत खोटी आहे.

"भाभीजी के दस्तखत?"

"छे! सरप्राइज आहे!"

"तो आप ही वादी बन जाइए."

वादींनी जोशात मजकूर सांगितला, "आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळावर अंगठीने 'मालिनी' हे नाव मी स्वतः लिहिलं आहे. प्रतिवादीचा या नावाशी काडीचाही संबंध नाही!" आणि खाली सही ठोकली. बँकेतल्यासारखीच, दोनदा ताडून.

त्यानंतर घरची हवा बदलली. चहा कोमट, आमटी पाण्यासारखी. एका संध्याकाळी मालिनीबाईंनी विचारलं, "अहो, माझं माहेरचं नाव आठवतं का हो?"

"म्हणजे काय! तू अण्णांची लेक!"

"आणि अण्णांचं नाव?"

"अण्णा!"

बाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. जरा जास्तच जोराने कणीक तिंबू लागल्या.

एक दिवस रस्तोगींनी तातडीने बोलावलं. प्रतिवादीचं उत्तर आलं होतं. त्यांनी चष्मा सावरून वाचायला सुरुवात केली.

"मी शर्वरी, नरेंद्रांची मुलगी. वादींनी मला तांदळात नवीन नाव दिलं आणि आता ते परत मागतात. माझा त्या नावाशी संबंध नसेल, तर इतकी वर्षं यांच्या घरात चकल्या तळतंय कोण? वादींची नियत खोटी नाही, फक्त स्मरणशक्ती खोटी आहे. मात्र माझी सगळी गिऱ्हाइकं त्यांनी फोनवरून हाकलली, याची नोंद व्हावी."

रस्तोगींनी चष्मा काढून ठेवला.

"श्रीरंगजी," रस्तोगी हळूच म्हणाले, "मुकदमा तो गया. घर जाइए, शादी बचाइए!"

घराशी आले तेव्हा आतून तळणाचा वास येत होता. दारातच ते थांबले. घसा खाकरला. जन्मात पहिल्यांदाच हाक मारली, "शर्वरी..."

"या, वादी," आतून आवाज आला. "दार उघडंच आहे."

सोऱ्या हातात घेऊन त्या कढईपाशी बसल्या होत्या. श्रीरंगराव जमिनीवरच टेकले.

"दावा मागे घेतो गं. पण सांगायचं तरी!"

"वाढदिवसालाच दाखवणार होते. आपल्या कॅफेवाल्याच्या बायकोने शिकवलं हो सगळं. तिने म्हटलं, 'दीदी, अपना नाम बोलिए', आणि तोंडातून तेच निघालं. माझं आणि अण्णांचं. खूप वर्षांनी उच्चारलं, तर गोड वाटलं."

"आणि नंबर घरचा दिलास!"

"वाटलं, एखादा तरी फोन मला उचलू द्याल! तुम्ही तर खुर्ची टाकून बसलेले!"

श्रीरंगराव ओशाळले. सोऱ्या त्यांनी आपल्या हातात घेतला. पहिली चकली पडली ती लखनौच्या नकाशासारखी! बाईंना हसू आवरेना. चांदणं पडावं तसं घर उजळलं.

तेवढ्यात फोन वाजला. सवयीने श्रीरंगरावच धावले, पिठाच्या हातांनी.

"हॅलो! शर्वरीजी हैं? चकली चाहिए थी."

"हैं जी, हैं! अभी बुलाता हूँ!"

"अच्छा, आप कौन बोल रहे हैं?"

श्रीरंगरावांनी पिठाचा हात सदऱ्याला पुसला.

"जी... वही. रॉंग नंबरवाले!"