लेसोथो हरपल्याची व पुन्हा हाती लागल्याची हकीकत

पुढे कोणी या घरी येऊन फ्रिजच्या दरवाज्यावर कतार आइसलंडाच्या शेजारी का बसला आहे ऐसे पुसेल, आणि घरातला जो तो आपल्या सोयीचे सांगेल, म्हणोन जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लाविता, लिहिले असे.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या व एक स्वयंपाकघर इतक्या मुलुखावर बाळराजांचा अंमल होता. वयास वर्षही पुरे नव्हते, परंतु धरून उभे राहण्याची विद्या नुकतीच हस्तगत जाहली होती, आणि जे हातास लागेल ते मुखात घालून पारखणे हाच राजधर्म मानिला होता. मातोश्री राज्यशास्त्राच्या पदवीधर, एके काळी सुरक्षा परिषदेच्या ठरावांवर तासतास बोलणाऱ्या. सांप्रत त्यांचा सारा व्यासंग एकाच प्रश्नी लागलेला, की या घडीस पोराच्या तोंडात काय आहे. आणि मातोश्रींच्या धाकट्या नणंद, म्हणजे आत्यासाहेब, यांनी स्पर्धापरीक्षेची मोहीम धरिली होती. इतिहास, भूगोल, राजकारण, अर्थकारण असे चारी प्रांत जिंकणे होते, म्हणोन त्यांनी अवघी पृथ्वी, एकेक राष्ट्र सुटे आणि पाठीस चुंबक, ऐसी विकत आणिली, आणि फ्रिजच्या दरवाज्यावर वसविली, आणि येता-जाता राजधान्या व चलने यांचा घोष चालविला.

तो प्रकार पाहोन मातोश्रींचे काळीज लकलकले. मग त्यांनी अंगठा व तर्जनी यांचे कडे केले, आणि एकेक राष्ट्र त्यातून पार जाते की काय ते पाहिले. जे पार गेले ते घातकी ठरविले, आणि त्याची रवानगी दरवाज्याच्या माथ्यावर केली. कोणाचे दरडोई उत्पन्न पाहिले नाही, कोणाचे तेल पाहिले नाही. लक्झेंबर्ग, कतार, ब्रुनेई सारे आइसलंडाच्या शेजारी एका रांगेत उभे केले. खाली राहिले ते रशिया, चीन, ब्राझील, कॅनडा ऐसे थोर, जे घशात जाणे नाही. बाळराजे कॅनडा विशेष आवडीने चघळीत. याप्रमाणे तह होऊन दोन्ही पक्षी शांतता नांदली.

परंतु दुसरे दिवशी परीक्षा, तेव्हा आत्यासाहेबांचा धीर सुटला. सकाळी सर्व निजले असता त्यांनी एकेक राष्ट्र उतरवोन आपापल्या जागी बसविले, एक उजळणी केली, आणि तैसेच ठेवून न्हावयास गेल्या. आता पृथ्वीचा दक्षिण गोलार्ध फ्रिजच्या तळाशी येतो, आणि बाळराजांचा हात नेमका विषुववृत्तापर्यंत पोचतो, हे त्यांचे ध्यानी आले नाही.

मातोश्री लापशीची वाटी घेऊन आल्या. वाटी पत्र्याची, वरून पांढरा मुलामा दिलेली, बाळराजांच्या खास खेळातली, ओट्याखालून उचलून वरच्यावर विसळलेली. मेजावर ठेविली तो डुगडुगू लागली. मातोश्रींनी मेजास दोष दिला, आणि वाटी हातीच धरिली, कारण उपडी करून डोक्यावर घेणे हा बाळराजांचा जुना शिरस्ता होता. इतक्यात त्यांची नजर फ्रिजवर गेली. दक्षिण आफ्रिकेच्या पोटात भोक.

बाळराजांचे तीर्थरूप, म्हणजे खुद्द स्वारी, चहा पीत होती. स्वारीने पाहिले आणि निर्णय दिला, "खिळ्याला अडकवायचं भोक असेल ते. त्यात काय."

"ते भोक नाही," मातोश्री म्हणाल्या, "तो देश आहे. लेसोथो. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका, मधे हा." आणि बाळराजांच्या तोंडात बोट घालोन चौफेर फिरविले, तो दोन दातांखेरीज काही नाही.

न्हाणीघरातून आत्यासाहेब ओल्या केसांनी धावत आल्या, आणि दरवाज्यावरची राष्ट्रे बोटाने मोजू लागल्या. "वहिनी, एस्वातिनीपण नाहीये. ते लेसोथोच्या बाजूलाच असतं, आत्ता मी लावलं होतं."

मग दवाखान्यातील बालरोगतज्ज्ञ बाईंस फोन गेला. त्यांचा हुकूम आला तो ऐसा: एक गिळला असला तरी एक्स-रे काढणे आहे, तात्काळ निघावे, मुलास खावयास काही देऊ नये, आणि दोन गिळले असतील तर ते आतड्यास दोहींकडून चिमटीत धरितात, शस्त्रक्रियेचे लोक बोलावणे पडेल, तरी एक की दोन ते निघता निघता नक्की करून कळवावे. हे ऐकोन मातोश्री तैशाच फ्रिजखाली वाकून पाहू लागल्या, आणि हातातली वाटी तेवढी घट्ट राहिली.

स्वारी गाडी काढावयास जिन्यावरून पळत गेली, तो गाडीपुढे शेजाऱ्यांची गाडी आडवी, आणि शेजारी अंघोळीस. जितका वेळ शेजारी साबण लावीत होते तितकाच वेळ घरात मोहिमेस मिळाला.

मातोश्रींच्या सासूबाई जपमाळ ओढावी तैशा शांतपणे बोलल्या, "एवढं घाबरायला काय झालंय. याच्या बापानं लहानपणी शर्टाचं बटण गिळलं होतं. काही झालं का त्याला?"

"काय झालं ते रोज बघतोच आहोत, आई," आत्यासाहेब म्हणाल्या, आणि बोलता बोलता डोळे पुसले.

मग आत्यासाहेबांनी मसलत काढिली, की चुंबकास चुंबकच धुंडील. प्रथम रशियास दोरा बांधोन फ्रिजखाली पाठविले. परंतु ते राष्ट्र अवाढव्य, वेशीतच अडकले. मग ब्राझील, तोही माघारी आला. तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "चिली पाठव. लांब आहे आणि अरुंद." हा बोल पदवीच्या साऱ्या अभ्यासाचे फळ जाणावा. चिलीस फुटपट्टीने रेटिले, तो ते पार भिंतीपर्यंत गेले, आणि पहिल्या स्वारीत सासूबाईंचा केसांचा आकडा, दुसरीत बाटलीचे गंजके बूच, आणि तिसरीत धुळीने माखलेले एस्वातिनी घेऊन आले.

"एकच," मातोश्रींनी फोनवर कळविले. "आता एकच."

लेसोथो मात्र गवसेना. पलंगाचे पाय पाहिले, चाव्यांचा जुडगा पाहिला, गॅसची शेगडी पाहिली, बाळराजांच्या पाठीस चिली फिरविले; व्यर्थ. खालून स्वारीने शिंग वाजविले. मग निघावयाचे ठरले. मातोश्रींनी चपला पायात सरकविल्या, आणि बाळराजांस कडेवर घेतले, आणि दुसरे हाती ती लापशीची वाटी अजून तैसीच होती, हे त्यांस स्वतःसही ठाऊक नव्हते. बाळराजे मात्र मघापासून त्या वाटीसाठी आक्रोश करीत होते. वाटी प्रथमच टप्प्यात आली. त्यांनी झडप घातली, आणि दोन्ही हातांनी उचलोन, शिरस्त्याप्रमाणे, मस्तकी पालथी घातली.

लापशी कपाळावरून, नाकावरून, मातोश्रींच्या खांद्यावरून खाली आली. आणि वाटीच्या उघड्या बुडाशी, शिरपेचात पाचू शोभावा तैसा, हिरवागार लेसोथो चिकटलेला दिसला.

 मातोश्री उंबऱ्यावरच बसल्या, आणि लापशीसकट पोरास उराशी धरिले, आणि हसू लागल्या, आणि ते हसणे मध्येच रडणे जाहले. ज्या वाटीस त्यांनी इतका वेळ जपोन उपडी होऊ दिली नाही, तिच्याच खाली ते राष्ट्र सुखरूप बसले होते. फोन लाविला तो डॉक्टरीणबाईंनी पुसले, दोन्ही हाती आले ना, आणखी काही कमी नाही ना. आत्यासाहेबांनी एकेक नाव घेऊन सारी पृथ्वी मोजून दिली. तेव्हा बाईंनी येण्याची गरज नाही ऐसा कौल दिला, आणि ती चुंबके पोराच्या आवाक्यातून हलवा ऐसी ताकीदही दिली.

मग नवा तह जाहला. लहान राष्ट्रे डब्यात बंद करून डबा कपाटावर ठेवावा. थोर राष्ट्रे पाठीची चुंबके काढोन बाळराजांस खेळावयास द्यावी. आणि कतार, आइसलंड व लेसोथो ही तीन मात्र आठवणीखातर फ्रिजच्या दरवाज्याच्या माथ्यावर, शेजारी शेजारी, खिळ्यांनी नव्हे तर जाड चिकटपट्टीने, कायम करावी. त्यावर सासूबाई साक्षीदार राहिल्या.

दुसरे दिवशी आत्यासाहेब परीक्षा देऊन परतल्या, आणि दारातच पिशवी टाकून म्हणाल्या, "वहिनी, लेसोथो आला होता. त्याच्या सीमेला कोणता देश लागतो."

"मग?"

"आधी फ्रिजवर त्याच्या शेजारी चिकटवलेलं आइसलंडच डोळ्यांपुढे आलं. लिहायलाच घेतलं होतं. मग याचं लापशीनं भरलेलं डोकं आठवलं, त्यामागून दक्षिण आफ्रिकेच्या पोटातलं ते भोक आठवलं, आणि बरोबर लिहिलं."

ऐसी ही मोहीम सिद्धीस गेली. एक राष्ट्र राखिले, एक गुण मिळविला, आणि बाळराजे सुखरूप राहिले. हे कलम पुरे जाहले त्या समयी बाळराजे कॅनडा चघळीत होते, आणि मातोश्री त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.