दत्तूआबा नुसते बसतात

आमच्या गल्लीतले दत्तूआबा लोकांच्या घरी बसायला जात. गप्पा मारायला नव्हे, चहाला तर नव्हेच. लसणाची पिशवी घेऊन यायचे, भिंतीला टेकायचे आणि सोलत बसायचे. "मी हाय की हितं. तू कर तुझं." एवढंच बोलायचे. कुणाची उसवलेली गादी असो, कुणाचं न लिहिलेलं पत्र, आबा बसले की रखडलेलं काम मार्गी लागायचं. त्यामुळे अख्ख्या गल्लीच्या रश्शात आबांनी सोललेला लसूण असायचा.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत हंगामी मास्तर होतो आणि आबांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. सातवीच्या भूगोलाच्या पेपरांचा गठ्ठा बारा दिवस माझ्या खाटेखाली पडून होता. हेडमास्तरांनी निक्षून सांगितलं होतं, सोमवारी अकराला पेपर टेबलावर हवेत, नाहीतर यायची तसदी घेऊ नका. रविवार उजाडला. मी काय करत होतो? स्टोव्ह उघडून घासत होतो! आदल्या दिवशी खोललेला शेजाऱ्यांचा ट्रान्झिस्टर अजून तसाच पसरलेला होता. गठ्ठ्याकडे बघितलं की मी भलतंच काहीतरी उपसायला घ्यायचो.

आबा दारात आले. गठ्ठा बघितला, स्टोव्ह बघितला, माझं काळं झालेलं तोंड बघितलं.

"मास्तर, बसू का?"

मी कारणं सांगायला लागलो. "ते ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "दोरी सोड गठ्ठ्याची. नुस्ती दोरी. तपासू नगंस."

सोडली.

"आता एकच पेपर. कुठलाबी."

त्या पोरानं ऑस्ट्रेलियाची राजधानी गडहिंग्लज लिहिली होती. मी मोठ्यांदा वाचलं. आबा असे हसले की सालं खोलीभर उडाली. "दे की अर्धा मार्क! गाव तरी खरं हाय!" पुढचा पेपर मी आपसूक ओढला.

दहा-बारा पेपर झाले की मी उठून खिडकीशी. खाली गवळी दारातच म्हैस पिळत होता. आता आबा ओरडणार, म्हणून मी अंग चोरून उभा.

"मारकी हाय का रं म्हस?"

"गरीब दिसतेय."

"बरं. ये मग."

पाच वेळा उठलो. पाचही वेळा आबांनी म्हशीची चौकशी केली. शेवटच्या वेळी म्हैस जाऊन दोन तास झाले होते.

दिवेलागणीला शेवटचा पेपर संपला. नोकरी वाचली होती, पण मला लाजच वाटत होती. "आबा, फार आळशी आहे हो मी."

"आळशी मानूस गाढ झोपतंय. तू झोपलायस व्हय बारा दिस?"

माझे डोळे भरून आले. आजवर कुणी मला असं विचारलंच नव्हतं.

आबा सालं गोळा करू लागले. "माझा धाकटा भाऊ असाच. काम हातात घ्यायचा, अर्धंच ऱ्हायचं. समदी आळशी म्हनायची. मी सगळ्यात मोठ्यांदा, चारचौघांत."

"कुठं असतात ते?"

"कोडोलीला. सात वरसं बोलत न्हाय माझ्याशी. म्हयन्याला जातो मी. भाईरच्या सोप्यात बसतो, सांजच्या एस्टीनं परत येतो."

"आणि ते?"

"ऊठ म्हनत न्हाय." आबांचा हात थांबला. "गोठ्याचं मोडल्यालं दार दोन वरसं पडून हुतं. गेल्या खेपंला मी बसल्यावर दुरुस्तीला काढलं त्यानं. एक बिजागरी बसवली बघ, माझ्या देखत."