जावयांनी भरलेला घाट

काठाला नाव लावण्यात माझा हात धरणारा अख्ख्या धरणावर कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोन म्हशींच्या मधल्या फटीत नाव घालून दाखवीन, आणि म्हशींना कळणारही नाही! म्हणूनच यंदा धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंचं जेवणाचं बोलावणं आलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "जीप नाही, बस नाही. आपल्या नावेनं जायचं!"

आमचं गाव धरणाच्या अल्याड, सासुरवाडी पल्याड. सडकेनं जायचं तर साखरखेर्ड्यावरून हा एवढा फेरा.

"पण आज रविवार हाय," आमचं कुटुंब, म्हणजे झुंबरबाई म्हणाली. "साऱ्या गावाचे जावई आजच येतीन. नावेले जागा भेटंन का?"

"जागा? अवं, मले पाहून जागा सोताच सरकते!"

हसू नका. सत्तरी ओलांडलेल्या जावयालाही धोंड्याचा मान असतो. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि माझ्यासारखा वाळका माणूस एका दिवसापुरता साक्षात विष्णू होतो. पाय धुतात, पुरणाचे धोंडे वाढतात, टोपी-टॉवेल देतात. आणि सासूबाई मनकर्णाबाईंचा नेम असा, की जावयाचं ताट झाल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. वय नव्वद! म्हातारीला उपाशीपोटी भोवळ आली असती तर झुंबरबाईनं मला धरणातच सोडलं असतं. तेव्हा उन्हं डोक्यावर यायच्या आत पोहोचणं भाग होतं.

पल्याडचा घाट दिसला आणि माझं वल्हं हवेतच राहिलं. उन्हाळ्यानं पाणी आटलेलं. उतरायला टणक जागा एवढीशी, बाकी सगळा गाळ. पाय ठेवला की चप्पल धरणाची! त्या एवढ्याशा जागेत नावा अशा चेपून बसलेल्या, जशा पहिल्या पंगतीतल्या आत्याबाया. प्रत्येक नावेत एक जावई, कडक इस्त्रीतला. सासरचे घ्यायला येतील म्हणून वाट पाहतोय.

सगळ्यात पुढे, बाभळीच्या सावलीत, गजेंद्र नावाचा नवा कोरा जावई. गॉगल लावलेला.

"जावईबापू, थोडे सरका ना."

"काऊन सरकू? मी जावई हाय!"

"मंग मी कोण हाय बे? तुह्या बापाच्या लग्नाच्या आधीपासून जावई हाय मी इथं!"

"मंग तुमचा मान शिळा झाला, बाबा. मले घ्यायले मंडळी येऊन राह्यली. मी गेलो का घ्या माही जागा."

गर्दीच्या दिवशी आमच्याकडे रीत अशी, की पहिल्या नावेचा दोर बाभळीला, दुसरीचा पहिलीला, तिसरीचा दुसरीला. मी माझी नाव शेपटाला बांधली आणि पुढच्या नावेत पाय टाकला.

"थांबा!" त्या नावेतले जावई, हिंमतराव, आडवे आले. "मोठ्या जावयाले ओलांडून जाता? अजून माहे पाय धुतले नाहीत!"

"तुमचे पाय मी धुवू काय?"

"हिकडं माही माय उपाशी हाय, अन् तुमी मान मोजून राह्यले!" झुंबरबाई कडाडली.

तेवढ्यात हलगी वाजली. गजेंद्रला सासरचे घेऊन गेले. हिंमतराव तिकडे पाहायला वळले, तशी मी नावांवरून टणाटण उड्या मारत थेट गजेंद्रची रिकामी नाव गाठली. मागून झुंबरबाई ओरडली, "मी नाही या वयात माकडावानी उड्या मारत! नाव इकडून तिकडं आणा!"

सोपं होतं. गजेंद्रची नाव जरा बाजूला सरकवायची आणि आपली आणायची. मी बाभळीचा दोर सोडला.

एकच दोर! पण सगळा घाट त्याच दोराला लटकलेला! वारा काठाकडून होता. बघता बघता सगळ्या नावा, एकमेकींच्या शेपट्या धरून, सगळ्या जावयांसकट धरणात निघाल्या!

काठावर एकच गलका उठला. "जावई रुसले! सारे जावई रुसून चालले रे!"

सासरे धावत आले. कोणी हात जोडतो, कोणी पागोटं काढतो.

"जावईबापू, फिरा मांगं! घड्याळ देतो!"

"वल्हं मारा रे!" मी ओरडलो.

"खबरदार!" हिंमतराव म्हणाले. "आताच कुठं घड्याळावर आले. मोटारसायकलपर्यंत येऊ द्या!"

झालं! एकजण वल्ह्याला हात लावेना. सगळे तोंडं फुगवून बसले, नावा वाहवताहेत, काठावर भाव चढतोय. फ्रीज आला. कूलर आला. मग आम्ही इतके दूर गेलो, की पुढं काय आलं ते ऐकूच येईना! तेव्हा कुठं हिंमतरावांचा चेहरा उतरला.

शेवटी झुंबरबाईनं पदर खोचला, वल्हं उचललं आणि आधी ते हिंमतरावांच्या टाळक्यावर रोखलं. मग मात्र सगळे विष्णू घामाघूम होऊन वल्ही मारू लागले.

परत आलो तर उन्हं कलली होती. काठावर गजेंद्र उभा. डोक्यावर नवी टोपी, गळ्यात टॉवेल, तोंडात ढेकर.

"झालं का बे सासरी जेवण?"

"सासरी कुठलं, बाबा? त्यांचं सिलिंडर संपलं. पुरणच शिजलं नाही. तेवढ्यात शेजारच्या मनकर्णा आजीनं हाताले धरून वढत नेलं. त्यांचा जावई रुसून गेला म्हणे भर धरणात. म्हणल्या, जावई कोणाचा बी चालते, मले भूक लागली."

"माय जेवली का?" झुंबरबाईनं घाबरत विचारलं.

"जेवली अन् निजली, आतून कडी लावून. म्हणली, रुसणारा आला तर त्याले सांग, आता तीन वर्सानं ये." गजेंद्र आपल्या नावेत बसला. "घ्या बाबा, माही जागा. सांगितलं होतं ना, देईन म्हणून?"

तर जागा मिळाली. सगळ्यात पुढची, बाभळीच्या गार सावलीतली. नाव मी अशी झकास लावली, की बघत राहावं! फक्त उतरून जायचं कुठं, तेवढं विचारू नका.