विष, हात लावू नये

ऑस्कर नावाचा लॅब्रेडॉर लोणखेड्याला आठवडाभराच्या पाहुणचाराला आला, तेव्हा त्याच्यासोबत पुण्याहून एक गादी, दोन वाट्या आणि लेक रोहिणीच्या सूचना आल्या. जावयाची कधी एवढी बडदास्त ठेवली नव्हती.

"पप्पा, बागेतलं गोगलगायींचं औषध कुत्र्यांना जीवघेणं असतं. आवडीने खातात आणि मग झटके येतात. लक्ष ठेवा हं!"

चुडामण आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर स्वतःच साखरेचा कारखाना बनले. बाकीचे सगळे शौक डॉक्टरांनी काढून घेतले, वर रोज सकाळी कारल्याचा रस लावला. गुलाब तेवढे राहिले. गोगलगायींच्या औषधाचं पाकीट त्यांनी पावसाळा लागताच एका नव्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. डब्यावर लाल रंगात कवटी काढून खाली लिहिलं होतं : 'विष, हात लावू नये.' कवटी जरा हसरी आली होती, पण मुद्दा पोचत होता.

एके सकाळी शेजारच्या तापीबाई कुंपणावरून किंचाळल्या, "ओ आप्पा! तुम्हना कुत्रानी इखना डबा चाटीपुसी खाई टाका!"

आप्पा आणि धनुबाई धावत आले. गुलाबाच्या वाफ्यात डबा उपडा पडला होता आणि ऑस्कर शेजारी तोंड चाटत बसला होता. नवराबायको डब्याकडे बघून एकदम गप्प झाले. तापीबाईंना वाटलं, धक्का बसला. त्या संकटात नेहमी मदतीला धावतात, विशेषतः बातमी द्यायला. आप्पांचाच फोन उचलून त्यांनी रोहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"मम्मी, ताबडतोब शहाद्याला डॉक्टरकडे न्या! मी निघते इथून!"

"नको येऊ गं," दोघेही एकदम म्हणाले. इतकं एकमत लग्नानंतर प्रथमच झालं होतं.

गाडीत ऑस्कर खिडकीतून बाहेर बघत जोरजोरात शेपटी हलवत होता. "देखा, देखा, झटका येवाले लागनात!" तापीबाई म्हणाल्या. आप्पांनी गाडीचा वेग वाढवला नाही. धनुबाईंनीही घाई केली नाही.

डॉक्टर पुनीत यांचं आयुष्य म्हशींच्या मागच्या बाजूला चाललं होतं. ज्याच्यासाठी खांद्यापर्यंत हात घालावा लागणार नाही असा पेशंट बघून त्यांना हुरूप आला.

"किती खाल्लं असेल?"

"डबा भरेल व्हता," धनुबाई म्हणाल्या.

"नही, निम्माच व्हता," आप्पा म्हणाले.

"तुमले काय माहीत?"

"मन्हाच डबा शे ना! रोज सकाळे गोगलगायले टाकस मी."

धनुबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. फोनवर रोहिणी रडत होती. डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "आता पोट रिकामं करू. मग सलाइन. विष भिनलं असेल तर भूल देऊन ठेवावं लागेल."

ऑस्करने आप्पांकडे असं पाहिलं, की आप्पांचा धीर सुटला.

"डॉक्टर, समजा ते औषध… जराखं तुपातलं ऱ्हायनं, तर?"

"तुपातलं?" धनुबाईंचा आवाज चढला. "तुमले कसं कळनं तुपातलं?"

तेवढ्यात ऑस्करने टेबलावर सगळाच निकाल मांडला. डॉक्टर चिमट्याने बराच वेळ ढवळत राहिले.

"आप्पा, गोगलगायींना तुम्ही खारीक-खोबरं घालता?"

मग दवाखान्यात जे झालं, त्याने बाहेर बांधलेली म्हैस उठून उभी राहिली.

"मन्हा गुडघासाठे डिंकना लाडू करेल व्हतात! घरमा तुम्ही हात लावणार नही अशी तीच एक जागा व्हती. तुम्हीच लिखेल व्हतं!"

"म्हणजे तुले माहीत व्हतं लाडू शेतस, तरी बिचाराले सुई टोचू दिनी?"

"अन् तुमले माहीत नव्हतं?"

"भांडू नका," डॉक्टर म्हणाले. "यात मनुका आहेत. मनुकांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. आणलंत ते फार बरं झालं."

म्हणजे डब्यावर लिहिलेलं अक्षरशः खरं होतं. ऑस्करलाही लागू, आप्पांनाही लागू.

"पण मग खरं औषध कुठेय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आस्कर येवाना आगोदरच पाकीट दुकानदारले परत करी टाकं मी," धनुबाई म्हणाल्या.

"मग गुलाबवरन्या गोगलगाया कसाकाय गयात?" तापीबाईंनी विचारलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी कामाचा प्रश्न विचारला होता.

फोनमधली रोहिणी रडायची थांबली. "मम्मी, पप्पा रोज सकाळी कारल्याचा रस कुठे बसून पितात?"

"बागमा," धनुबाई सावकाश म्हणाल्या. "गुलाबना वाफाना कडेले."

सलाइन संपलं. ऑस्कर वाचला. आप्पांबद्दल तेव्हा काही सांगता येत नव्हतं.

आता कारल्याचा रस आप्पांच्या पोटात जातो, तोही व्हिडिओ कॉलसमोर. त्यांची साखर उतरली आणि गोगलगायी परत आल्या. धनुबाईंनी विषाचा डबा भंगारात दिला आणि स्वयंपाकघरात वरच्या फळीवर नवा डबा ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कारल्याची पावडर'. आप्पा त्या फळीकडे पाहतसुद्धा नाहीत.

फक्त ऑस्कर पुण्याला जाईपर्यंत रोज त्या फळीखाली बसून, वर बघत, लाळ गाळत होता. शेवटच्या दिवशी आप्पांनी ते पाहिलं, आणि लेकीला म्हणाले, "याले आजून आठ दिन ऱ्हावू दे वं बेटा. भलता गुणी शे."